बायको दिली, पिचर घेतला

आपण आपल्या बायकोला दुसऱ्या टीमला देऊन टाकलंय, हे बायकोला नेमकं कुठल्या शब्दांत सांगायचं, याचा विचार करत निशिकांत सोफ्यावर आडवा पडला होता. आणि बायको, म्हणजे उल्का, आत स्वयंपाकघरात त्याच्याच टीमसाठी साबुदाणे वडे तळत होती. जुलैतला शेवटचा रविवार, ऊन कलतं झालेलं. क्वीन्सटाउनच्या त्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये पडदे असे सावकाश फुगत होते, सावकाश बसत होते, की बघणाऱ्याला वाटावं, या जगात काही वाईट घडूच शकत नाही.

देऊन टाकलंय म्हणजे काय? थांबा, सगळं येतंय.

सिंगापुरात ऑफिसवाल्यांची एक हौशी बेसबॉल लीग आहे. बाया, पुरुष, सगळे एकत्र खेळतात. शहराचे दोन भाग, पूर्व आणि पश्चिम, आणि आपापल्या भागात जो पहिला येईल त्याला त्या भागाची फिरती ढाल. निशिकांत क्वीन्सटाउनचा कॅप्टन. आठवडाभर तो अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात ताळेबंद जुळवायचा, पण ते फक्त हात. मन कायम अमेरिकेतल्या कुठल्या तरी मैदानावर. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे पोह्यांच्या बशीला फोन टेकवून तो रोज मॅच बघायचा. आणि जुलै आला की नुसता झपाटून जायचा. कारण जुलैत तिकडच्या टीम एकमेकींकडून पिचर पळवतात. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. मधल्या कुठल्या तरी नंबरावर लोळणारी टीम एक चांगला पिचर उचलते आणि सप्टेंबरात सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसते!

"एक चाल, उल्का," तो म्हणायचा. "एकच चाल, आणि सगळं पारडं फिरतं."

"पोहे गार होतायत," उल्का म्हणायची.

आता गंमत बघा. क्वीन्सटाउन पश्चिमेत पहिलंच होतं. आणि ते होतं उल्कामुळे. उल्का त्यांची पिचर. लहानपणी रत्नागिरीत तिने लगोरी खेळून गल्लीतल्या पोरांना रडवलेलं, तो हात तसाच राहिलेला. पण तिचा चेंडू हळू. इतका हळू, की घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही ते आठवत आठवत कुणी यावं, तसा तो यायचा. समोरचा बॅट फिरवून मोकळा व्हायचा, मग चेंडू पोचायचा. जिंकायचे, पण निशिकांतच्या स्वप्नात असं कुणी जिंकत नव्हतं. त्याच्या स्वप्नात वीज होती.

ती वीज त्याला पाया लेबारला दिसली. तिथल्या टीमचा कॅप्टन उल्हास, बँकेतला माणूस, कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पिता पिता म्हणाला, "आमचा परेश बघितलात? डावखुरा. मरीन इंजिनिअर. बोटीवरचे नट पाना न लावता उघडतो म्हणतात."

"मग देताय कशाला?"

"आमच्या कीपरला झेपत नाही हो. दोन बोटं सुजली त्याची. तुम्ही परेश घ्या, उल्कावहिनी द्या. तसाही परेश आता बोट सोडून आलाय. दिवाळीपर्यंत जमिनीवर."

निशिकांतने कोपीत चमचा फिरवत फिरवत सगळा हिशोब केला. पाया लेबार पूर्वेत, आपण पश्चिमेत. म्हणजे उल्का आपल्याविरुद्ध कधीच येणार नाही. बायको पूर्वेला, ढाल पश्चिमेला. कुणाचंच नुकसान नाही! लीगचा नियम सोपा होता. कॅप्टनने ग्रुपवर टाकायचं, समोरच्याने अंगठा दाखवायचा, झाली अदलाबदल. खेळाडूला पसंत नसेल तर त्याने त्याच संध्याकाळी सातच्या आत 'नाही' लिहायचं. आणि जुलैचा शेवटचा रविवार गेला की सीझन संपेपर्यंत कुणीही हलायचं नाही. निशिकांतने त्याच शेवटच्या रविवारी दुपारी ग्रुपवर टाकलं. उल्हासने अंगठा दाखवला. आणि निशिकांत येऊन सोफ्यावर पडला.

उल्का ग्रुप कधी उघडायची नाही. पण घरात आर्या होती. आर्या म्हणजे त्यांची मुलगी, वय चौदा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये.

"बाबा," ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "यू ट्रेडेड आई, आह?"

"हळू बोल ना!"

"आय ओन्ली रीड, लह. सी. 'उल्का टु पाया लेबार.' देन थम्ब्स अप. देन अवर कीपर अंकल टॅन पुट सो मेनी क्रायिंग फेस."

उल्का दारात उभी होती. हातात झारा. झाऱ्यातून तेलाचा एक थेंब ओघळला, लोंबकळला, पडला.

"कोण कुठे चाललंय?"

"तू बस ना जरा," निशिकांत उठून बसत म्हणाला. "म्हणजे असं बघ, एकूण सीझनचा विचार केला तर..."

आर्याने फोन सरळ आईच्या हातात दिला. उल्काने वाचलं. नॅपकिनला हात पुसले, पुन्हा वाचलं. निशिकांतने मनातल्या मनात सगळी तयारी केली. झारा भिरकावला जाईल, डोळ्यात पाणी येईल, सासूबाईंना फोन लागेल.

"अहो," उल्का म्हणाली.

अहो? लग्नाला सोळा वर्षं झालेली! सोळा वर्षांत ती त्याला 'अरे निशी' म्हणाली होती, 'ए निश्या' म्हणाली होती, मागे बाथरूम तुंबलं तेव्हा इथे न सांगण्यासारखं बरंच म्हणाली होती. 'अहो' कधीच नाही.

"अहो, त्या पाया लेबारवाल्यांचा टी-शर्ट कधी मिळतो, विचारून ठेवाल का?"

एवढ्यात फोन पुन्हा टिंगला.

"वेट, वेट," आर्या म्हणाली. "गॉट सम मोअर. उल्हास अंकल ट्रेडेड आई अगेन! टु बुओना व्हिस्टा. मधुवंती आंटी ऑलरेडी थम्ब्स अप."

बुओना व्हिस्टा! पश्चिमेतली बुओना व्हिस्टा! क्वीन्सटाउनच्या अगदी पाठीला लागलेली! निशिकांतने लगेच उल्हासला फोन लावला.

"उल्हासराव, हे काय चाललंय?"

"अहो ट्रेड हो, ट्रेड! आमच्या कीपरची बोटं सुजलीयत ना, मग मधुवंतीकडून धडधाकट कीपर घेतला. परेशचा चेंडू झेलू शकेल असा."

"पण परेश आता माझ्याकडे आहे!"

पलीकडे कपात फिरणारा चमचा थांबला.

"अरेच्चा," उल्हास म्हणाला. "हे राहिलंच लक्षात घ्यायचं."

निशिकांत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "उल्का, सात वाजायचेत अजून. तू फक्त 'नाही' लिही. दोन अक्षरं. माझं चुकलं, बास?"

"लिहिते ना," उल्का गोड आवाजात म्हणाली. "एवढा घाणा काढते आणि लिहिते."

आणि तिने कढईखालचा गॅस बारीक केला. वडे त्या मंद तेलात असे तरंगत होते, जणू सुट्टीवर आलेत. खिडकीतून ऊन आधी पिवळं आलं, मग केशरी, मग नुसतंच गुलाबी. उल्काने एक वडा उलटला. थोड्या वेळाने दुसरा उलटला. निशिकांत घड्याळाकडे बघत होता आणि घड्याळ त्याच्याकडे. शेवटचा वडा बाहेर आला, निथळला, कागदावर बसला, तेव्हा उल्काने मान वर केली.

"अय्या, सात वाजून गेले?"

मग तिने सगळे वडे डब्यात भरले, चटणी वेगळ्या डबीत घातली आणि चपला घातल्या.

"अगं, टीम खाली सरावाला जमलीय," निशिकांत केविलवाणा म्हणाला. "वडे..."

"हो, तिकडेच चाललेय. माझी टीम बुओना व्हिस्टाला जमलीय."

पुढचा रविवार मात्र निशिकांतचाच होता, खोटं कशाला बोला. परेश म्हणजे खरंच वीज निघाला. हात मागे जायचा एवढं दिसायचं, पुढचं दिसायचं नाही. फक्त कीपरच्या, म्हणजे टॅन अंकलच्या हातमोज्यात फाट्कन आवाज. टॅन अंकल क्वीन्सटाउनचेच, साठीचे, गुडघ्याला पट्टा बांधून खेळायचे. निशिकांत कडेला उभा राहून डोळे अर्धे मिटायचा, आणि त्याला स्पष्ट दिसायचं, टीव्हीच्या वर, गणपती आणि आर्याच्या मेडल्सच्या मधोमध, ढाल. चांदीसारखी. तिच्यात सगळं घर उलटं दिसतंय.

मॅच संपल्यावर टॅन अंकलने पट्टा सोडला आणि आजूबाजूला पाहिलं.

"निशी आह. पिचर व्हेरी गुड. बट वडा, व्हेअर?"

निशिकांतने हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या टपरीवरून करी पफ आणले होते. टॅन अंकलने एक घास खाल्ला आणि कुणी वारल्यासारखं आभाळाकडे बघितलं. बाकीच्यांनी बॅगा भरल्या. आधी कसं असायचं, मॅच संपली तरी कुणी हलायचं नाही, त्या मोठ्या रेनट्रीखाली डबा फिरायचा, अंधार कधी झाला कळायचंही नाही. आता एकेक जण 'ओके, बाय' करून पांगला. झाडाखाली निशिकांत, परेश आणि उरलेले करी पफ.

घरी 'अहो' चालूच होतं. अहो, चहा ठेवलाय. अहो, तुमचा टॉवेल. भांडण असतं तर निशिकांत भांडला तरी असता, पण या अहोशी भांडणार कसं? संध्याकाळी उल्का ग्लोव्ह घेऊन सरावाला निघायची. दोन स्टेशनांवर तर बुओना व्हिस्टा. तो वरून, कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून बघत राहायचा. नऊ ऑगस्टसाठी, म्हणजे सिंगापूरच्या राष्ट्रदिनासाठी, लावलेले लाल-पांढरे झेंडे वाऱ्यावर हलायचे आणि त्यांच्या खालून ती ठिपक्याएवढी होत होत मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या, स्टेशनकडे जायची. आधी याच ब्लॉकखाली तिचे चेंडू तो झेलायचा. म्हणजे एका हाताने झेलायचा, दुसऱ्या हातात फोन, फोनवर अमेरिकेतले सकाळचे स्कोअर. चेंडू इतका हळू, की दोन्ही जमायचं.

आणि तिकडे बुओना व्हिस्टा जिंकत सुटली. मधुवंती, तिथली कॅप्टन, रिसर्चवाली बाई, डोकं म्हणजे बर्फाची लादी. तिने उल्काला सुरुवातीला फेकायलाच दिलं नाही. आधी दुसऱ्यांच्या वेगवान चेंडूंची सवय लावायची आणि शेवटच्या डावात उल्काला आणायचं. बिचारे बॅटवाले, पळत्या गाडीतून उडी मारून एकदम देवळात शिरल्यासारखे व्हायचे. होता होता दोन्ही टीम बरोबरीला आल्या. शेवटची मॅच क्वीन्सटाउन विरुद्ध बुओना व्हिस्टा. जिंकेल त्याची ढाल.

त्या आठवड्यात परेशचा फोन आला.

"निशीदादा, एक गंमत झाली."

"काय रे?"

"कंपनीचा फोन आला. एका बोटीवरचा सेकंड इंजिनिअर आजारी पडलाय. शुक्रवारी चढायचंय मला."

"तू दिवाळीपर्यंत जमिनीवर होतास ना?"

"हो, म्हणजे तसा विचार होता."

निशिकांत फोन ठेवून खुर्चीत बसला. समोर उल्का भेंडी चिरत होती.

"अहो, काय झालं?"

त्याने सांगितलं. उल्का हसली नाही, हेच वाईट. तिने भेंडीचं देठ काढलं.

"माझे बाबा चीफ इंजिनिअर होते. माझं बारसं त्यांनी फोटोत बघितलं. बाबांनी 'या दिवाळीला घरी' म्हटलं, की आई फराळाचा डबा शिपिंग एजंटकडे पोचवायच्या तयारीला लागायची."

"मग हे सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्ही विचारलं का नाहीत मला?"

प्रश्न परेशचा नव्हता, हे त्यालाही कळलं. ढाल मिळाली तर सगळं सारखं होईल, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. आता पहिल्यांदाच मनात आलं, की ढाल मिळाली आणि हे अहो तसंच राहिलं तर?

मॅचसाठी मैदान मिळालं ईस्ट कोस्टचं. चार वाजताच आभाळ इतकं दाटलं, की दिवे लावावे लागले. झाडांच्या पलीकडे समुद्र राखाडी, त्यावर नांगरलेल्या बोटींची ओळ, त्यांचेही दिवे लुकलुकायला लागलेले. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. निशिकांतच्या खिशात फोन थरथरला. परेशचा मेसेज. 'कॅप्टन, डेकवरून तुमचे दिवे दिसतायत. जिंका!'

निशिकांतने बोटींकडे बघितलं. त्यातल्या कुठल्या तरी एका बोटीवर त्याची वीज उभी होती. दिसण्याइतकी जवळ, आणि पाण्यावर.

मग फेकायला कोण? कॅप्टन स्वतः! निशिकांतने मन लावून चेंडू फेकले आणि समोरच्यांनी मन लावून ते मारले.

"निशी!" टॅन अंकल मुखवट्याआडून ओरडले. "थ्रो टु मी! व्हाय यू थ्रो टु द सी?"

तरी क्वीन्सटाउनवाले पोटतिडकीने खेळले. धाव काढ, धाव काढ करत शेवटच्या डावात ते फक्त एका धावेने मागे होते. एक गडी तिसऱ्या बेसवर टपून उभा, एक चांगला फटका बसला की बरोबरी. आउट मात्र एकच शिल्लक. आणि बॅट हातात घेऊन आला निशिकांत.

मधुवंतीने हात वर केला, पिचर बदलला. उल्का चालत मधल्या उंचवट्यावर आली. टोपी नीट केली.

आता सोपं आहे, निशिकांतने स्वतःला सांगितलं. तीन सरळ चेंडू चुकले किंवा नुसते सोडले, की आपण आउट, पण ही आपली बायको आहे. हळू चेंडू टाकायच्या आधी ती खालचा ओठ दाताखाली धरते, हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे.

उल्काने ओठ दाताखाली धरला. निशिकांत थांबला, थांबला, आणखी थांबला. चेंडू सूं करून छातीसमोरून गेला. पहिला चुकला. आपल्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं!

दुसऱ्या वेळी ओठ मोकळा. म्हणजे वेगवान! निशिकांतने जीव खाऊन बॅट फिरवली, गोल फिरून स्वतःच जवळजवळ बसला, आणि मग चेंडू आला. सावकाश, गॅस बंद केला होता का ते आठवत.

"आय कॅनॉट वॉच," प्रेक्षकांतून आर्याचा आवाज आला. "बट आय वॉचिंग."

"अहो!" उल्काने उंचवट्यावरून हाक मारली. "तयार आहात ना?"

सगळं मैदान हसलं. निशिकांतने घाम पुसला, बॅट खांद्यावर घेतली. उल्काचा हात वर गेला.

आणि तो चेंडू सुटला. काय सांगू तुम्हाला! वर चढला, दिव्यांच्या झोतात गेला, तिथे थांबला. खरंच थांबला, असंच निशिकांतला वाटलं. पांढरा, गोल, मागे राखाडी आकाश, खाली बोटींचे दिवे. त्या दिव्यांतलाच एक वाट चुकून वर आल्यासारखा. वारा पडला. सोळा वर्षांत, ब्लॉकखाली शेकडो संध्याकाळी, या चेंडूकडे आपण दोन्ही डोळ्यांनी कधी बघितलंच नाही, हे त्याला आत्ता कळत होतं. चेंडू वळला. घाई नाही, धडपड नाही. आळोखेपिळोखे देत खाली आला, एखादं मांजर आपल्या जागेवर येऊन बसतं तसा, बरोबर त्याच्या छातीसमोरून, सगळ्यात सोप्या जागेवरून, आणि बुओना व्हिस्टाच्या कीपरच्या हातमोज्यात अलगद शिरला.

"वा!" निशिकांत म्हणाला.

बॅट खांद्यावरच होती.

अंपायरने हात वर केला. मॅच संपली. ढाल गेली. तिसऱ्या बेसवरचा गडी जागच्या जागी खाली बसला.

टॅन अंकल लंगडत जवळ आले. "निशी. यू नेव्हर स्विंग."

"अंकल, डिड यू सी दॅट बॉल?"

"आय सी. एव्हरीबडी सी. वुई ऑल ओन्ली सी. यू, मस्ट हिट!"

पण निशिकांत त्यांच्याकडे बघतच नव्हता. उंचवट्यावर उल्काने टोपी काढली होती, आणि टोपीआड तोंड लपवून ती हसत होती. ते 'वा' तिच्यापर्यंत पोचलं होतं.

परत येताना एमआरटीत उल्का ढाल मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी बॅट कवटाळून निशिकांत, आणि समोर फोनमध्ये आर्या. गाडी जमिनीखालून चालली होती आणि समोरच्या काळ्या काचेत ढाल, बॅट आणि ते दोघं एकत्र डुलत होते.

"बाबा, यू नॉट कॅप्टन ऑलरेडी," आर्या म्हणाली. "ग्रुप व्होटेड. अंकल टॅन इज कॅप्टन."

"बरोबर आहे," निशिकांत म्हणाला. खरंच बरोबर होतं.

"सीझन ओव्हर, सो ट्रेड ओपन. मधुवंती आंटी सेज, आई विल स्टे नेक्स्ट सीझन, बट आई हॅज वन कंडिशन. दे वॉन्ट यू."

"मला?" निशिकांत ताठ बसला. हरला तरी काय झालं, कुणाला तरी त्याच्यातला खेळाडू दिसला होता! "माझ्या बदल्यात कोण? त्यांचा तो लांब टोलेवाला?"

"टू डबा वडा."

"काय?"

"टू डबा साबुदाणा वडा. अंकल टॅन ऑलरेडी थम्ब्स अप."

निशिकांतने हळूच बायकोकडे वळून बघितलं. "दोन डबे? फक्त?"

"मी एकच म्हटलं होतं," उल्का ढालीवरचा डाग पुसत म्हणाली. "टॅन अंकलनी ताणून दोनवर नेलं."

"पण मला कुणी विचा..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याचं त्यालाच ते अर्ध्यावर गिळावं लागलं. उल्का समोरच्या काचेत बघत होती, अगदी साळसूद.

"टिल सेव्हन यू कॅन से नो," आर्याने आठवण केली. "स्टिल गॉट टाइम."

रेडहिलच्या अलीकडे गाडी जमिनीतून वर आली. ढग एव्हाना फाटले होते, फटीतून केशरी ऊन डब्यात शिरलं, आणि ढालीत सगळं उलटं दिसायला लागलं, छत खाली, माणसं वर. निशिकांतने फोन काढला, ग्रुप उघडला. थोडा वेळ बघत राहिला. मग फोन खिशात टाकून मागे टेकून बसला.

"लिहीत नाही तुम्ही?" उल्काने विचारलं.

"लिहितो ना," निशिकांत डोळे मिटत म्हणाला. "एवढी दोन स्टेशनं जाऊ दे, मग लिहितो."

सात वाजून गेले तरी फोन खिशातच होता.

"अरे निशी," उल्का म्हणाली, "ढाल धर जरा. मांडी अवघडली माझी."